'माय अँटोनिया' शिकवताना: प्रत्येक प्रसंग कोण सांगत आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर इंग्रजीच्या वर्गाला विला कॅथर यांची 'माय अँटोनिया' ही १९१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी प्रथमच शिकवायची आहे. अमेरिकेतील नेब्रास्कात आजी-आजोबांच्या शेतावर वाढलेला निवेदक जिम बर्डन हा बोहेमियातून (आजच्या चेकियातून) आलेल्या शिमर्डा कुटुंबातील अँटोनियाच्या आठवणी लिहितो, असे तिचे स्वरूप आहे. विद्यार्थ्यांनी सुरुवातीची काही प्रकरणे वाचून "यात काही घडतच नाही" अशी तक्रार केली आहे. नेब्रास्काचा गवताळ प्रदेश आणि तिथे नव्याने वसाहत करणाऱ्यांची शेती त्यांना सर्वस्वी अपरिचित आहे, आणि हाताशी तासिका मोजक्याच आहेत. अशा वेळी आरंभ ऐतिहासिक पार्श्वभूमीपासून करावा, लेखिकेच्या चरित्रापासून करावा, की थेट संहितेपासून?

अनेक वर्षे ही कादंबरी शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आरंभ संहितेपासूनच करावा आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारत राहावे: हे प्रत्यक्ष कोणी पाहिले, आणि ते आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या तोंडून आले? पार्श्वभूमी, चरित्र, वसाहतवादाची चर्चा, स्त्रीवादी वाचन या सर्व गोष्टी या एका प्रश्नाच्या ओघात आपोआप येतात, आणि त्या व्याख्यानाच्या रूपाने न येता विद्यार्थ्यांच्या गरजेतून येतात.

"काही घडत नाही" ही तक्रार फेटाळून लावू नये, कारण ती अर्धी खरी आहे. वर्गाकडूनच एक यादी करून घ्यावी. या कादंबरीत एका बापाची आत्महत्या आहे. लांडग्यांच्या कळपापुढे नवरा-नवरीला फेकून देण्याची कथा आहे. मळणीयंत्रात स्वतःहून उडी घेणारा एक भटक्या आहे. लग्नाच्या आशेने डेन्व्हरला गेलेली आणि गरोदर अवस्थेत एकटीच परतलेली तरुणी आहे. बायकोचा खून करून स्वतःला गोळी घालणारा सावकार आहे. एवढा ऐवज असूनही वाचकाला काही घडल्यासारखे वाटत नाही, याचे कारण यांतले जवळजवळ काहीही निवेदक जिम बर्डन याच्या डोळ्यांसमोर घडत नाही. लांडग्यांची कथा पावेल हा रशियन शेतकरी मरणशय्येवर अँटोनियाच्या वडिलांना सांगतो, अँटोनिया ती ऐकते आणि परतताना गाडीतल्या गवतात पडल्या पडल्या जमेल तेवढी जिमला सांगते, उरलेली पुढे केव्हातरी सांगते, आणि जिम ती आपल्याला कित्येक वर्षांनी लिहून देतो. मळणीयंत्राची हकिकत अँटोनिया ती जिथे कामाला असते त्या हार्लिंग कुटुंबाच्या स्वयंपाकघरात सांगते. डेन्व्हरमधल्या तिच्या फसवणुकीची कहाणी विधवा स्टीव्हन्सबाई सांगतात. सावकार कटरच्या शेवटाची गोष्ट कादंबरीच्या अखेरच्या भागात अँटोनियाचा थोरला मुलगा रुडॉल्फ रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगतो. कथानक आहे, पण ते माजघरातल्या गोष्टींसारखे तोंडातोंडी फिरणारे आहे. ही रचना एकदा फळ्यावर मांडली की तक्रार करणारा विद्यार्थीच पुढच्या तासाला आणखी उदाहरणे शोधून आणतो.

पहिली तासिका प्रस्तावनेला द्यावी. अनेक शिक्षक ती वगळतात आणि मग कादंबरीचे शीर्षकच वर्गाला कळत नाही. आयोवातून जाणाऱ्या आगगाडीत जिम आणि त्याच भागात वाढलेली एक अनामिक व्यक्ती यांची भेट होते. जिम आता एका मोठ्या रेल्वे कंपनीचा वकील आहे, न्यूयॉर्कला राहतो, त्याचा संसार सुखाचा नाही. पुढे तो अँटोनियाविषयीच्या आठवणींचे बाड घेऊन येतो, त्यावर आधी नुसते 'अँटोनिया' असे लिहितो, कपाळाला आठ्या घालतो आणि मग त्याच्या आधी 'माझी' हा शब्द जोडतो. हा हक्क त्याला कोणी दिला, हा प्रश्न इथेच वर्गापुढे ठेवावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये. मूळ १९१८ च्या प्रस्तावनेत ती अनामिक व्यक्तीही आपल्या आठवणी लिहिण्याचे कबूल करते आणि ते काम पार पाडत नाही. १९२६ च्या आवृत्तीसाठी कॅथर यांनी प्रस्तावना आखडली तेव्हा हा करार काढून टाकला. दोन्ही प्रस्तावना शेजारी शेजारी वाचायला दिल्यास जिमचे लेखन ही अनेक शक्य हकिकतींपैकी एक आहे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चटकन उमगते. जिमचा पेशाही दुर्लक्षित ठेवू नये. ज्या रेल्वेने या स्थलांतरितांना गवताळ प्रदेशात आणून सोडले, तिचेच हितसंबंध सांभाळणारा माणूस त्यांच्या गतकाळाविषयी हळवा होऊन लिहीत आहे, ही गोष्ट कादंबरी कुठेही ठणकावून सांगत नाही. पण ती डोळ्यांआड झाली तर पुस्तक केवळ बालपणीच्या गोड आठवणींचे होऊन बसते.

पार्श्वभूमी किती द्यावी, याबाबत मी कंजूष आहे. १८६२ चा होमस्टेड कायदा समजावून सांगावा: कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला, तसेच नागरिकत्वाचा इरादा नोंदवणाऱ्या परदेशी व्यक्तीला, १६० एकर सरकारी जमीन किरकोळ शुल्कावर मिळे; अट अशी की त्याने पाच वर्षे तिथे राहून ती कसावी. १६० एकर हा आकडा ऐकून आपल्याकडचा विद्यार्थी थक्क होतो. तेव्हा हेही सांगावे की या भागात पाऊस बेभरवशाचा, झाडे नदीओढ्यांच्या काठापुरती, लाकूड दुर्मीळ आणि जमीन गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली होती. म्हणूनच लोक ती गवताळ माती मुळांसकट लाद्यांसारखी कापून, विटांसारखी रचून घरे बांधत, किंवा उताराच्या कडेला खोदून राहत. जिमच्या आजोबांचे घर लाकडी आहे आणि शिमर्डा कुटुंब अशा खोदलेल्या बिळात राहते, या फरकातच दोन्ही मुलांमधले वर्गीय अंतर पहिल्या काही पानांत लिहिले गेले आहे.

मात्र कायदा शिकवताना एक सापळा टाळावा. विद्यार्थी सर्रास लिहितात की शिमर्डा कुटुंबाला सरकारने फुकट जमीन दिली. प्रत्यक्षात त्यांनी क्रायेक नावाच्या आपल्याच देशबांधवाकडून ती विकत घेतली, तीही तिच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून. आणि भाषा येत नसल्यामुळे सुरुवातीला सर्व व्यवहारांसाठी ते त्याच्यावरच अवलंबून होते. फसवणारा हा पहिला माणूस परका नाही, ही बाब स्थलांतरितांच्या जगाविषयी संदर्भग्रंथातल्या अनेक पानांपेक्षा अधिक सांगते.

ही जमीन मोकळी होती, हा दुसरा आणि अधिक खोल सापळा आहे. जिम पहिल्या रात्री गाडीतून बाहेर पाहतो तेव्हा त्याला कुंपण, ओढा, झाड, टेकडी काहीच दिसत नाही. हा देश नव्हेच, देश ज्यापासून घडवतात ते सामान आहे, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध वाक्य इथे येते. बहुतेक मार्गदर्शिका हे वाक्य देऊन थांबतात. इथे मी वर्गाला थेट पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणाकडे नेते. पहिला बर्फ पडल्यावर गवतात पूर्वी अस्पष्ट असलेले एक मोठे वर्तुळ स्पष्ट दिसू लागते, जिथे मूळ रहिवासी घोडे फिरवत असत. जेक आणि ऑटो या गड्यांची खात्री आहे की मध्ये खांबाला कैदी बांधून त्यांचा छळ केला जाई. आजोबांना मात्र वाटते की तिथे केवळ शर्यती होत असाव्यात किंवा घोडे तयार केले जात असावेत. त्या लोकांपैकी एकही जण या चर्चेत नाही. आपला नेहमीचा प्रश्न इथे विचारला की वर्गात शांतता पसरते, कारण उत्तर मिळत नाही: हे कोणी पाहिले, याची साक्ष द्यायला कादंबरीत कोणी उरलेलेच नाही. याच ठिकाणी पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा इतिहास द्यावा. १८५७ च्या करारान्वये त्यांनी नेब्रास्कातील आपल्या बहुतेक भूमीवरचा हक्क सोडला, आणि १८७० च्या दशकाच्या मध्यास त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. कॅथर कुटुंब व्हर्जिनियातून नेब्रास्कात आले ते १८८३ मध्ये, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांच्या आत. जिमला जी जमीन कोरी दिसते, ती नुकतीच रिकामी करण्यात आलेली जमीन आहे. वर्तुळाचा हा परिच्छेद इतका छोटा आहे की वाचताना सहज निसटतो, आणि म्हणूनच तो मोठ्याने वाचून घ्यावा.

आत्महत्येचा प्रसंग शिकवताना सर्वाधिक सावधगिरी हवी. महाराष्ट्रातील वर्गात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातून आलेले विद्यार्थी असतील तर, श्री. शिमर्डांचे मरण वाचल्यावर चर्चा ताबडतोब शेतकरी आत्महत्यांकडे वळते. ती वळू द्यावी, परंतु वर्गात कोणाच्या घरी काय घडले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, याचे भान ठेवावे. मी हा भाग वाचायला देण्यापूर्वी त्यात काय आहे हे आदल्या तासाला स्पष्ट सांगते आणि त्यावर कोणालाही नाव घेऊन बोलते करीत नाही. साम्याबरोबर भेदही दाखवावा लागतो. दारिद्र्य आणि फसवणूक आहेतच. पण हा माणूस मुळात शेतकरी नाही, विणकर आहे, व्हायोलिन वाजवणारा आहे, आणि त्याने नव्या देशात ते वाद्य हाती धरलेले नाही. पीक बुडाले म्हणून तो मेला, असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकाकडे परत पाठवावे.

या प्रसंगाची मांडणीही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विलक्षण आहे. जिम प्रेत पाहत नाही. त्याला ऑटोचे वर्णन ऐकायला मिळते, मग जखमेचा आणि क्रायेकच्या कुऱ्हाडीचा मेळ बसतो असा जेकचा संशय ऐकायला मिळतो, आणि त्यानंतर घरात एकटा असताना तो मृताच्या आत्म्याविषयी जी कल्पना करतो तीच वाचकाच्या मनावर ठसते. चरित्राचा तपशील देण्याची योग्य जागा हीच. अँटोनियाचे मूळ मानल्या जाणाऱ्या ॲना सॅडिलेक, लग्नानंतरच्या पॅव्हेल्का, यांच्या वडिलांनी १८८१ मध्ये आत्महत्या केली होती, म्हणजे कॅथर तिथे पोहोचण्याच्या दोन वर्षे आधी. ती घटना लेखिकेपर्यंतसुद्धा ऐकीव गोष्ट म्हणूनच आली. चरित्र असे वापरले की "कोण पात्र कोणावरून घेतले" या निष्फळ कोष्टकापासून वर्ग वाचतो. पुढे नॉर्वेजियन लोक आपल्या दफनभूमीत जागा नाकारतात, शेताच्या कोपऱ्यात पुरावे लागते, आणि बऱ्याच वर्षांनी रस्ते आखले जातात तेव्हा ते थडग्यावरून न जाता किंचित वळून जातात, त्यामुळे कधीही न कापलेल्या लाल गवताचा तो तुकडा बेटासारखा उरतो. या परिच्छेदावर फार बोलू नये; तो वाचावा आणि पुढे जावे.

वाळवलेल्या अळंब्यांचा प्रसंग मात्र सावकाश शिकवावा, कारण कादंबरीची अख्खी पद्धत त्यात सामावली आहे. शिमर्डाबाई बर्डन कुटुंबाच्या उपकारांची परतफेड म्हणून एका पिशवीतून काही तपकिरी तुकडे आजीला देतात. ते काय आहे हे आजीला कळत नाही. ती ते घरी येऊन चुलीत टाकते. जिम त्यातला एक कोपरा चावून पाहतो, आणि पुष्कळ वर्षांनी त्याला उमगते की त्या बोहेमियाच्या कुठल्याशा रानातून गोळा करून इतक्या दूर आणलेल्या अळंब्या होत्या. दातृत्व कोणाकडे, अडाणीपण कोणाकडे, हा हिशेब या चार ओळींत उलटा होतो. बर्डन कुटुंब सज्जन आहे, आणि तरीही त्यांच्या सज्जनपणाला मर्यादा आहेत, हे विद्यार्थ्यांना सैद्धांतिक शब्दांत सांगण्याची गरज राहत नाही.

तासिकांची वाटणी समसमान करू नये. पहिल्या भागात १९ आणि दुसऱ्यात १५ प्रकरणे आहेत. उरलेल्या तीन भागांत मिळून ११. निम्म्याहून अधिक वेळ पहिल्या भागाला द्यावा. तिसरा भाग, म्हणजे जिमचे लिंकनमधील विद्यापीठीय दिवस आणि अँटोनियाची मैत्रीण लीना लिंगार्ड, एका तासिकेत आटोपतो. त्यात प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स'चा संदर्भ तेवढा नीट समजावून द्यावा, कारण उत्तम दिवस सर्वांत आधी निसटतात या अर्थाची पुस्तकाच्या आरंभीची लॅटिन ओळ तिथून आलेली आहे आणि तेही शेतीविषयक काव्यच आहे.

दुसऱ्या भागात नांगराचे सुप्रसिद्ध दृश्य आहे: मावळत्या सूर्याच्या तबकडीवर शेतात सोडलेला नांगर क्षणभर प्रचंड आणि वीरश्रीयुक्त दिसतो. प्रश्नसंच, मुखपृष्ठे आणि व्याख्याने हे चित्र मिरवतात. माझा आग्रह एवढाच असतो की परिच्छेद शेवटपर्यंत वाचावा, कारण लगेच सूर्य बुडतो आणि तो विसरलेला नांगर प्रेअरीवर कुठेतरी पुन्हा आपल्या लहानपणात परततो. प्रतिमा उभारणारी लेखिकाच ती मोडते. वसाहतवाल्यांचे महाकाव्य म्हणून ही कादंबरी शिकवणाऱ्यांना या दोन ओळी नेहमीच अडचणीच्या ठरतात. हाच नांगर अँटोनियाच्या हातात असतो तेव्हा तो कसा दिसतो, हेही तुलनेला घ्यावे: वडिलांच्या पश्चात ती शेतात पुरुषाच्या बरोबरीने राबते, शाळेला वेळ नाही असे अभिमानाने सांगते, आणि मग चेहरा लपवून रडते. ते रडणे जिमला दिसते, पण तो त्याचा अर्थ लावण्यात फार वेळ घालवत नाही.

याच भागात अंध पियानोवादक दार्नो याचे प्रकरण येते. त्यातील कृष्णवर्णीय माणसाचे वर्णन वंशवादी आहे, यात संदिग्धता ठेवू नये. काही जण ते प्रकरण वगळतात. मला ते योग्य वाटत नाही. बोहेमियन आणि नॉर्वेजियन मुलींकडे गावापेक्षा उदारपणे पाहणारा निवेदक एका कृष्णवर्णीय कलावंताकडे कसा पाहतो, हे शेजारी ठेवल्याशिवाय त्याच्या उदारपणाची सीमा कळत नाही. हे वर्णन जिमचे किती आणि कॅथर यांचे किती, यावर वर्गात मतभेद होतात. ते मिटवण्याची जबाबदारी शिक्षकाने घेऊ नये, पण "तो काळच तसा होता" या एका वाक्यावर कोणाला सुटूही देऊ नये.

सावकार विक कटर आपल्या विद्यार्थ्यांना न शिकवताच कळतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तो काळ नेब्रास्कातील वसाहतीचाही आहे, आणि इतिहास घेतलेला एखादा विद्यार्थी हे हमखास सांगतो. ते मान्य करून भेद दाखवावा: कादंबरीतल्या ब्लॅक हॉक या गावात कर्जदार एकत्र येत नाहीत, आणि कटरचा नाश होतो तो आपली मालमत्ता बायकोच्या माहेरच्यांना मिळू नये या त्याच्या स्वतःच्याच द्वेषातून.

चौथा भाग कमी पानांचा असला तरी त्याला पुरेसा वेळ द्यावा. अँटोनियाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आघात इथे स्टीव्हन्सबाईंच्या तोंडून येतो, आणि त्यांच्या सांगण्यात कष्टकरी बाईने कष्टकरी बाईविषयी बोलावे तसा कोरडा जिव्हाळा आहे. जिमच्या अलंकृत निवेदनानंतर तो फरक कानाला जाणवतो. या भागाच्या सुरुवातीला जिमला छायाचित्रकाराच्या दुकानात सोनेरी चौकटीत लावलेले अँटोनियाच्या बाळाचे मोठे छायाचित्र दिसते. लाज वाटावी अशी गावाची अपेक्षा असताना तिने ते तसे करून घेतले आहे. अँटोनियाने स्वतःविषयी केलेले जवळजवळ एकमेव सार्वजनिक विधान म्हणून मी हे छायाचित्र शिकवते, आणि विद्यार्थिनींच्या उत्तम लेखनाला बहुधा तिथूनच आरंभ होतो. पाचव्या भागातील मुलाबाळांनी गजबजलेल्या शेतघराचे वर्णन वाचताना अँटोनिया म्हणजे भूमाता असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो निष्कर्ष जिमचा आहे. तिच्या नवऱ्याला, शहरात वाढलेल्या कुझाकला, हे एकाकी शेत कसे वाटत असेल, अशी शंका खुद्द जिमच्याच मनात येते, आणि ती त्या सुखी चित्राच्या मधोमध तशीच राहते.

संहितेबाबत व्यावहारिक सूचना अशी की लेखिकेचे निधन १९४७ मध्ये झाल्यामुळे भारतात ही कादंबरी स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर विनामूल्य मिळते. नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या 'विला कॅथर अर्काइव्ह'वर टीपांसह अभ्यासपूर्ण आवृत्तीही आहे. पहिल्या आवृत्तीसाठी डब्ल्यू. टी. बेंडा यांनी काढलेली आठ रेखाचित्रे कॅथर यांनी आग्रहाने घालून घेतली होती, स्वस्त आवृत्त्यांतून ती बहुधा गाळलेली असतात; ती मिळवून दाखवावीत.

परीक्षेसाठी "अँटोनियाचे व्यक्तिचित्रण करा" असा प्रश्न देऊ नये, कारण त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत तयार असते. त्याऐवजी ऐकीव स्वरूपात आलेला कोणताही एक प्रसंग निवडून तो किती तोंडांतून गेला, प्रत्येक टप्प्यावर त्यात काय वाढले किंवा गळले असावे आणि जिमला तो सांगावासा का वाटला, असे विचारावे. अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्यांना प्रस्तावनेतील त्या अनामिक व्यक्तीच्या भूमिकेतून, तिने न लिहिलेल्या आठवणींचे एक पान लिहायला सांगावे, आणि गुण देताना भाषेच्या सफाईपेक्षा जिमला जे माहीत असणे शक्य नव्हते ते त्या पानात आले आहे की नाही, हे पाहावे.